ताटातला फेटा

“घोडं कुणाचं बी असू दे, लगाम कुणाच्या हातात हाय त्ये बघावं,” असं बयाबाई म्हणायची. शेणी थापताना म्हणायची, गावसभेच्या दिवशी म्हणायची, लेकासाठी मुलगी बघायला गेली तेव्हा व्याह्याच्या ओसरीवर बसूनही तिनं हेच म्हटलं. तिच्या दारात घोडं कधी नव्हतं. दोन म्हशी होत्या, एक मारका खोंड होता, आणि गणपतराव नावाचा नवरा होता.

समोरच्या कट्ट्यावर बसून आक्का हे सगळं ऐकायची. आक्का गणपतरावाची थोरली बहीण. तिला गावातच दिली होती, आणि गावातच म्हणजे भावाच्या दारासमोरच. त्यामुळं भावजयीचं राज्य कसं उगवलं, कसं डोक्यावर आलं, ते तिनं तांदूळ निवडता निवडता पाहिलं. आक्काची जीभ विळ्यासारखी होती. पण विळा गवत कापतो, दगड कापत नाही, आणि बयाबाई दगड होती.

राज्य कसलं, ते आधी सांगायला हवं. वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर कुरणवाडी हे लहानसं गाव. आकाश निवळ असलं की तिथल्या माळावरून जोतिबाचा डोंगर दिसतो. चैत्री पुनवेला गावोगावच्या सासनकाठ्या त्या डोंगरावर जातात. कुरणवाडीचीही जाते. माडाएवढी उंच काठी, तिला रंगीत कापडं गुंडाळलेली, बुडाशी खांदा देणारे गडी आणि चारी बाजूंनी दोऱ्या ताणून तिचा तोल धरणारे लोक. सगळ्यांच्या पुढं गावाचा मानकरी चालतो. त्याच्या डोक्याला फेटा असतो, आणि त्याचा एकच नेम असतो. काठी निघाली की त्यानं मागं वळून बघायचं नाही. नजर देवळाच्या शिखरावर. मागं बघितलं तर देवाच्या काठीवर भरवसा नाही असं होतं.

हा मान गणपतरावाच्या घराण्यात होता. वर्षभर काठी त्याच्याच घराच्या वळचणीला आडवी टांगलेली असायची. घर लहान आणि काठी लांब, म्हणून तिचं टोक शेजारच्या बोळात निघालं होतं. पाण्याला जाणाऱ्या बायका तिथं वाकायच्या. काही भक्तीनं वाकायच्या, काही कपाळ फुटू नये म्हणून. बयाबाई दोन्ही नमस्कार सारखेच घ्यायची.

गणपतराव भला माणूस. भला म्हणजे ज्याचं कुणाशी वाकडं नाही आणि ज्याला स्वतःचं असं सरळही काही नाही, असा. कुस्त्यांचा नाद. कोल्हापूरला मैदान असलं की खासबागेत जाऊन बसायचा आणि दुसऱ्याच्या अंगाची माती बघून स्वतः ताठ चालत घरी यायचा. घराच्या उंबऱ्यापाशी तो ताठा संपायचा. मानकरी म्हणून गावात त्याच्या शब्दावाचून पान हलत नसे. पण तो शब्द त्याच्याजवळ नसायचा, घरी असायचा. देवळात गाव बसलं आणि कुणी विचारलं, “मानकरी, विहीर कुठं पाडायची?” की गणपतराव उठायचा. “वाईच पाणी पिऊन येतो,” म्हणायचा आणि रस्ता ओलांडून घरात जायचा. परत आला की विहीर कुठं पाडायची ते त्याला ठाऊक असायचं. सरपंचाच्या निवडीच्या बैठकीत तर त्याला इतकी तहान लागली की पिराजी हलगीवाला म्हणाला, “मानकरी, घागरच हितं आणून ठिवा की.” गाव हसलं, गणपतरावही हसला. पण ती घागर आणून ठेवण्यासारखी नव्हती. तिला जीभ होती.

त्याच दिवसांत आक्कानं भावजयीला ‘राणीसरकार’ म्हणायला सुरुवात केली. म्हणाली ती टोचायला. “काय राणीसरकार, आज दरबार कवा उठला?” बयाबाईनं पदर सावरला आणि गंभीरपणे सांगितलं, “आत्ताच उठला, वन्सं.” पुढच्या पंधरवड्यात सगळं गाव तिला राणीसरकार म्हणू लागलं, आणि आक्काला आपल्याच जिभेची चीड आली. शिवी द्यावी आणि समोरच्यानं ती अंगठीसारखी बोटात घालावी, याहून वाईट काही नाही.

कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गणपतराव काविळीनं गेला. त्याचा एकुलता मुलगा जोतीराम तेव्हा पाच वर्षांचा होता. मान आता त्या पोराचा. माघ सरला, फाल्गुन सरला, चैत्र तोंडावर आला आणि पोराला गोवर आला. अंगभर पुरळ, डोळे लाल. गोवर अंगावर असलेलं पोर कुणी घराबाहेर काढत नाही, तिथं डोंगर कुठला.

काठी निघायच्या दिवशी सकाळी केरबा दारात आला. हा गणपतरावाचा चुलत भाऊ. उंचापुरा, आवाजानं मोठा, काठीची पुढची दोरी धरणारा. म्हणाला, “वैनी, औंदा फेटा म्या बांधतो. पोरगं मोठं झालं की त्याचं त्याला.”

“भावजी,” बयाबाई म्हणाली, “दिल्याली कुऱ्हाड परत येती. दिल्याला मान परत येत न्हाई.”

“मग काय काठी बिनमानकऱ्याची न्ह्यायची?”

बयाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्याचं ताट होतं. ताटात गणपतरावाचा गुलाबी फेटा, बांधलेलाच, आत डोकं असल्यासारखा फुगीर. तिनं त्यावर चिमूटभर गुलाल टाकला.

“मानकरी हाय हा,” ती म्हणाली. “चला.”

दारात गाव जमलं होतं. केरबा म्हणाला, “पांढऱ्या कपाळाची बाई काठीच्या म्होरं? कुठल्या शास्त्रात हाय?”

“म्होरं मानकरी हाय. म्या नुस्तं ताट धरलंय.”

आणि ती चालू लागली. तिच्यामागं काठी उचलावीच लागली, कारण देवाचं नाव घेऊन झालं होतं. डोंगराची चढण, चैत्राचं ऊन, पायांखाली तापलेली खडी. बाईनं एकदाही मागं पाहिलं नाही. गणपतराव दरवर्षी पाहायचा. गडी दमले का, कुणाच्या पायात काटा गेला का, म्हणून त्याची मान सारखी वळायची, आणि घरी आल्यावर त्याबद्दल त्याला बोलणी बसायची. ह्या बाईची मान जणू घडवतानाच वळणार नाही अशी घडवली होती. आक्कासुद्धा त्या दिवशी गप्प राहिली. खोटं कशाला बोला, त्या दिवशी बयाबाई जशी वागली त्याला छातीच लागते.

वाईट झालं ते पुढच्या वर्षी. पोर बरं झालं होतं, टणटण उड्या मारत होतं. पण चैत्र आला आणि ताटच निघालं. “अजून बारीक हाय, गर्दीत चेंगरंल,” बाई म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षीही ताटच. बाईला एक गोष्ट कळून चुकली होती. नवऱ्याला पाण्याला यावं लागायचं. फेट्याला तहान लागत नाही.

मग ताट चैत्राची वाट बघेनासं झालं. ते बाराही महिने ओसरीवर, घडी घातलेल्या घोंगड्यावर बसू लागलं. निवडणूक आली की उमेदवार नारळ घेऊन यायचे. दोन दोन पोरांचे बाप, मिशा पिळलेले, सोसायटीचे चेअरमन, येऊन त्या रिकाम्या फेट्यासमोर वाकायचे आणि बाई बाजूला बसून खाली बघायची. ज्याच्या नारळावर तिनं फेट्यावरचा गुलाल काढून लावला, तो निवडून यायचा. गाव त्याला कौल म्हणायचं. आक्का म्हणायची, “कापडाला कौल मागत्यात. उद्या धोतराला मागतील.” म्हणायची, आणि मत मात्र गुलालाच्याच नारळाला द्यायची. सगळे तसेच होते. घरी जाऊन दात विचकायचे आणि दारात येऊन वाकायचे. असल्या गावाला असलीच राणी मिळते.

बहात्तरच्या दुष्काळात गावाला रस्त्याचं काम मिळालं. कुरणवाडीचा रस्ता अजून जाऊन बघा. माळावरून सरळ येतो आणि गावात शिरता शिरता उगाचच डाव्या अंगाला वाकतो, बयाबाईच्या दारापर्यंत, आणि मग पुन्हा सरळ होतो. माणसं वाकत होतीच, तिनं रस्त्यालाही नमस्कार करायला लावला. तिनं काही चांगलं केलंच नाही असं नाही. शाळेवर पत्रे तिच्यामुळं आले. दारूची भट्टी तिनं उभी राहून फोडली. फक्त ती भट्टी विरोधातल्या माणसाची होती. आपल्या माणसाची ओढ्याकाठी सुखानं धुमसत राहिली.

ह्या सगळ्यात जोतीराम वाढत होता. ओसरीवर गोट्या खेळायला बसला की आई सांगायची, “तिकडं जा. मानकरी बसल्यात.” एकदा पोर रुसून आक्काच्या कट्ट्यावर आलं. म्हणालं, “आत्ती, त्या ताटात माजा बा हाय?”

“तुजा बा न्हाई रं,” आक्का म्हणाली. “तुजं डोकं हाय त्यात. मोठा झालास की मागून घे.”

फेट्याला कसर लागली. बाईनं ठिगळ लावलं. पुन्हा भोकं पडली, पुन्हा ठिगळ. गुलाबी दोरा आक्काकडूनच जायचा, म्हणून तिला ठाऊक होतं की गणपतरावाच्या फेट्यात आता गणपतरावाचं फारसं कापड उरलेलं नाही. गुलालाखाली कुणाला दिसत नव्हतं एवढंच. जोतीरामाचं लग्न झालं तेव्हा तर गंमतच झाली. सुवासिनी आरती घेऊन पुढं आल्या, तशी बाई म्हणाली, “आधी मानकऱ्याला.” ताटाला ओवाळलं, मग नवऱ्या मुलाला. नवरी गोंधळून एकदा ताटाकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघत राहिली. आक्का तिच्या कानात म्हणाली, “बघून ठिव बाई. तुला दोन नवरं मिळाल्यात. त्यातला बोलत न्हाई त्यो थोरला.”

जोतीराम कसबा बावड्याला साखर कारखान्यात कामाला लागला होता. सायकलवरून घरी यायचा, अंगाला मळीचा वास आणि हाताला ग्रीस. बापासारखा भला, पण बापासारखा मऊ नव्हता. तालमीत अंग कमावलेलं. गावात मात्र त्याला कुणी जोतीराम मानकरी म्हणत नसे. ‘राणीसरकारांचा पोरगा’ म्हणत. त्याच्या वयाची पोरं चावडीत बोलायची आणि हा आला की विचारायची, “काय रं, ताटाची तब्बेत कशी हाय?” माणूस सगळं सोसतो. आपली जागा ठिगळाच्या कापडानं अडवून ठेवलेली आणि त्यावर गाव हसतं, हे सोसत नाही.

चैत्राच्या आधी एका संध्याकाळी तो न्हाणीच्या दगडावर हात धूत होता. आई ओसरीवर फेट्यावरची धूळ फुंकत होती. आक्का समोर, नेहमीच्या जागी. बोळ अरुंद, शब्द न् शब्द ऐकू यायचा.

“आई, औंदा फेटा मला बांध.”

“तुजं डोकं अजून कोवळं हाय.”

“लगीन लावलंस तवा न्हवतं कोवळं?”

“लगीन कुणाचं बी हुतं,” बयाबाई म्हणाली. “मान सांबाळावा लागतो.”

“इतकी वर्सं सांबाळलास की. आता दे.”

“केरबा टपून बसलाय. तुज्या डोक्यावनं कवा उचलंल, तुला कळायचं बी न्हाई.”

“ताटातनं उचलला न्हाई त्यो डोक्यावनं उचलंल व्हय?”

बयाबाईनं ताट घोंगड्यावर नीट ठेवलं. “घोडं कुणाचं बी असू दे,” ती म्हणाली, “लगाम—”

“आई. घोडं म्हंजी म्याच न्हवं?”

“घोडं असनं वाईट न्हाई. दाणा मिळतो.”

जोतीरामानं हात पुन्हा धुतले, आधीच स्वच्छ झालेले. मग बोळ ओलांडून आक्काच्या कट्ट्याच्या कडेला टेकला.

“मागितलास?” आक्का म्हणाली.

“मागितला.”

“मग आता मागू नगंस. राणीकडं मागून कुणाला काय मिळालंय? गुलाल.”

त्या चैत्रात उन्हाचा कहर होता. डोंगरावर पाय ठेवायला जागा नव्हती. हवेत गुलालाचे ढग, खोबऱ्याच्या वाट्या उडत होत्या, आणि चारी दिशांनी चांगभलं. दुपारी काठ्या उतारावरच्या यमाईच्या देवळाच्या वाटेला लागल्या. कुरणवाडीची काठी उभी राहिली तेव्हा तिच्या बुडाशी खांदा देणाऱ्यांत जोतीराम दिसला. उघडं डोकं, कमरेला पंचा.

पुढं ताट घेऊन उभी असलेली बयाबाई म्हणाली, “तू हितं कशाला?”

“घोडं न्हवं म्या? वझं उचलाया नगो?”

बाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिला ते आवडलंच असावं. “उचल,” म्हणाली, आणि यमाईच्या शिखराकडं तोंड करून चालू लागली. ताट छातीशी, मान ताठ, पाऊल मोजल्यासारखं. पिराजीची हलगी कडाडली. केरबानं पुढची दोरी ताणली. काठी हलली, चार पावलं गेली.

मग जोतीरामानं पाय रोवले.

बुडाचा गडी थांबला की काठी थांबते, तिथं कुणाची सत्ता चालत नाही. दोऱ्या धरलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. पिराजीचा हात हलगीवर अधांतरी राहिला.

“म्होरं गेल्या की राणीसरकार,” तो म्हणाला.

“जाऊ द्या,” जोतीराम म्हणाला. “त्यांचा मानकरी हाय त्यांच्यासंगं.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी केरबाकडं पाहिलं. म्हातारा झाला होता तो आता, पण दोरी अजून त्याच्याच हातात असायची. ज्याच्या भीतीनं एक पोर इतकी वर्षं बिनडोक्याचं ठेवलं, तो केरबा. त्यानं दोरी शेजारच्याच्या हातात दिली. जोतीरामाजवळ आला. आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवला, घामानं भिजलेला, गुलालानं माखलेला. खांद्याखाली दुसरा गडी शिरला, जोतीराम बाहेर आला, आणि केरबानं तो फेटा त्याच्या डोक्याला एकेक वेढा आवळत बांधला.

“काका, तुमचं डोकं उघडं पडलं,” जोतीराम म्हणाला.

“पडू दे. आपल्या गावाचं डोक्यावाचून काय बी अडत न्हाई. इतकी वर्सं चाललंच की.”

पुढची जागा मोकळी राहिली होती, आणि यात्रेत मोकळी जागा फार वेळ मोकळी राहत नाही. सीमेकडच्या कुठल्याशा गावाची काठी मागून आली, निळ्या कापडाची, तिच्यासोबत कानडीत आरोळ्या देणारे गडी आणि ढोलांचा मोठा ताफा. ती कुरणवाडीला वळसा घालून पुढं घुसली आणि बयाबाईच्या बरोबर मागं लागली. बाईच्या पाठीमागं पुन्हा वाद्यं वाजू लागली. तिची मान आणखी ताठ झाली. त्या गावचा म्हातारा मानकरी आपल्यापुढं चाललेल्या ताटाकडं बघून चमकला. कुणाचा नवस असावा, असं समजून त्यानं हात जोडले आणि तिला पुढं राहू दिलं.

आक्का वाटेच्या कडेला, दगडी कठड्यावर बायकांमध्ये उभी होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं. पिराजी धावत तिच्याजवळ आला.

“आक्का, हाक मारा की तुमच्या भावजईला. परक्या गावाच्या म्होरं चालल्याती.”

आक्कानं तोंड उघडलं. जन्मभर तिनं त्या बाईला हाका मारल्या होत्या, बोळाच्या अल्याडून पल्याड, टोचून, चिडवून, दोऱ्याच्या रिळासाठी. हाक गळ्यापर्यंत आली होती.

“आन् तिनं मागं बघितलं म्हंजी?” ती म्हणाली. “एकच तर नेम पाळलाय बाईनं. त्यो मोडायला सांगतोस?”

इकडं कुरणवाडीची काठी उठली. मानकऱ्यानं शिखराकडंच बघायचं असतं, म्हणून जोतीराम शिखराकडं बघत निघाला. केरबाची नजर काठीच्या शेंड्यावर होती, पिराजीची हलगीवर. खाली उतरणाऱ्या वाटेवर बयाबाई परक्या ढोलांच्या पुढं चालली होती, पाठ गुलालानं लाल, हातांत तांब्याचं ताट, ताटात ठिगळांचा मानकरी. वळणावर ऊन ताटावर पडलं आणि ते एकदा लखलखलं. कपाळावर आडवा हात धरून तेवढं पाहिलं ते एकट्या आक्कानं.